सेमिनरीतून प्रोबेशनचं पत्र आलंय, आता काय?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की धाकटा भाऊ ऑगस्टमध्ये अमेरिकेत सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या शाळेत) एम.डिव्ह. म्हणजे पाळकपणाची पदव्युत्तर डिग्री करायला गेला, पहिल्या सेमिस्टरचा जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, चारपैकी १.९ आला, ग्रीकमध्ये एफ म्हणजे नापास, आणि ख्रिसमसच्या सुट्टीतच अकॅडमिक प्रोबेशनचं, म्हणजे मार्क सुधारा नाहीतर काढू अशा ताकिदीचं, पत्र. तुम्ही घरून फोन केला तर ऑफिसवाल्यांनी "आम्ही काही सांगू शकत नाही" म्हणून विषय संपवला, ख्रिश्चन शाळा असून एवढी कोरडी माणसं कशी म्हणून तुम्हाला रागही आला. आणि आता विचारताय की त्याला काढतील का, व्हिसा जाईल का, आणि आपल्या पाळकसाहेबांनी तिथल्या प्रेसिडेंटना पत्र लिहिलं तर उपयोग होईल का.

घाईत असाल तर एवढंच वाचा: लगेच काढत नाहीत. व्हिसा प्रोबेशनमुळे जात नाही, पण घाबरून केलेल्या दुसऱ्याच एका चुकीमुळे जाऊ शकतो, ती खाली सांगते. आणि पाळकसाहेबांना पत्र लिहू देऊ नका, निदान आत्ता तरी नको.

मी मूळची श्रीरामपूरची. अशाच एका सेमिनरीत शिकले आणि मग तिथून दूरच्या दुसऱ्या एका सेमिनरीत सोळा वर्षं ऑफिसात काढली, आधी रजिस्ट्रारकडे, नंतर परदेशी मुलांची डीएसओ म्हणून, म्हणजे आय-ट्वेंटी आणि व्हिसाचे कागद बघणारी बाई. प्रोबेशनची पत्रं मी शेकड्याने पाठवलीयेत. ते पत्र वाचायला भयंकर असतं कारण ते वकिलाला दाखवून लिहिलेलं असतं, पण ऑफिसच्या बाजूने बघितलं तर त्याचा अर्थ "हा मुलगा बुडतोय, याच्याकडे कोणीतरी बघा" एवढाच असतो. साधारण एक सेमिस्टर, काही ठिकाणी दोन, मुदत मिळते. तेवढ्या काळात क्रेडिट किती घ्यायचे यावर मर्यादा येते, अॅडव्हायझरला भेटणं सक्तीचं होतं, स्कॉलरशिप असेल तर तिचा वेगळा नियम बघावा लागतो (हे मात्र आजच बघायला सांगा, कारण स्कॉलरशिपचा जीपीए बहुतेक वेळा प्रोबेशनच्या आकड्यापेक्षा वरचा असतो आणि ते पत्र वेगळ्या ऑफिसातून वेगळं येतं).

आता माझीच गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी शिकत असताना दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात माझे पप्पा गेले. तिकीट काढायच्या आधी प्रोफेसरांकडे गेले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, माझे दोन्ही हात धरून प्रार्थना केली, स्वतः रडले, आणि म्हणाले की पेपरची काळजी करू नकोस, हवा तेवढा वेळ घे. मी घरी आले, तीन आठवडे राहिले, परत गेले आणि जानेवारीत ट्रान्सक्रिप्ट उघडलं तर त्या विषयात एफ. कारण काय तर इन्कम्प्लिटचा फॉर्म, म्हणजे राहिलेलं काम नंतर पुरं करायची लेखी परवानगी. एक पान, तीन सह्या, सेमिस्टरच्या शेवटच्या दिवसाच्या आत रजिस्ट्रारकडे. प्रोफेसरांना वाटलं मी भरला असणार, मला वाटलं त्यांनी कळवलं असणार, आणि रजिस्ट्रारला कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. त्या माणसाच्या प्रार्थनेत खोट नव्हती हो, आजही मी त्यांना मानते, पण तो एफ काढून घ्यायला मला एप्रिल उजाडला.

म्हणून मी ऑफिसात आल्यावर दरवर्षी नव्या मुलांना ओरिएंटेशनमध्ये एकच वाक्य सांगायचे, प्रार्थना झाली म्हणजे फॉर्म भरला असं नाही. मुलं हसायची. पण ख्रिश्चन शाळेत हा धोका साध्या युनिव्हर्सिटीपेक्षा जास्त असतो, कारण साध्या युनिव्हर्सिटीत कोणी गोड बोलत नाही म्हणून पोरं आपणहून नियम वाचतात, आणि इथे सगळे इतके आपुलकीने वागतात की आपल्याला वाटतं काम झालं. जेवायला घरी बोलावणारा प्रोफेसर, चॅपलमध्ये शेजारी बसणारा डीन, ही सगळी खरी माणसं आहेत, पण त्यांच्या हातात तारीख पुढे ढकलायचा अधिकार नसतो. तो स्टुडंट हँडबुक आणि अकॅडमिक कॅटलॉगमध्ये असतो. कॅटलॉग कुठल्या वर्षाचा हेही महत्त्वाचं, भाऊ ज्या वर्षी दाखल झाला त्या वर्षाचा कॅटलॉग साधारण त्याला लागू, साइटवर दिसतो तो नसेलही.

तुमच्या फोनचं आता. तो कोरडेपणा नव्हता. अमेरिकेत १९७४ चा फेर्पा नावाचा कायदा आहे, त्यानुसार मूल कॉलेजात गेलं की त्याच्या मार्कांचा, फीचा, हजेरीचा, शिस्तीच्या कागदांचा मालक तो स्वतः. आई-वडील नाहीत, मोठी बहीण तर नाहीच नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. मला सोळा वर्षांत नगरवरून, सोलापूरवरून, एकदा तर थेट माझ्या आत्याच्या ओळखीतून फोन आलेत, "मॅडम तुम्ही आपल्याकडच्या ना, नुसतं सांगा पास आहे की नाही." मराठीत विचारलं तरी मला तोंड बंद ठेवावं लागायचं. भावाने लेखी संमतीचा फॉर्म भरला, तुमचं नाव टाकलं, तर ऑफिस तुमच्याशी बोलू शकेल. पण खरं सांगू का, भरायला लावू नका. तो सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, त्याला एवढी एक गोष्ट स्वतः निस्तरू द्या. हां, जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कायदा आड येत नाही आणि शाळा घरच्यांना कळवू शकते. तुम्हालाही तशी शंका आली तर फोन करून "माहिती नको, माहिती द्यायची आहे" असं म्हणा. ऐकून घ्यायला त्यांना कुठलाच कायदा अडवत नाही, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं.

आता कागद-पेन घ्या, जीपीए बघू. त्याचे नऊ क्रेडिट असणार, तीन विषय. १.९ कसा येतो ते मी अंदाजाने मांडते: जुना करार बी मायनस म्हणजे २.७, चर्चचा इतिहास बी म्हणजे ३, ग्रीक एफ म्हणजे शून्य. बेरीज ५.७, भागिले तीन, १.९. म्हणजे दोन विषयांत पोरगा २.८५ ने नीट पास आहे, एकट्या ग्रीकने खाली ओढलाय. हे त्याला सांगा, कारण मला खात्री आहे की तो स्वतःला नापास माणूस समजत बसला असेल, "देवाने मला बोलावलंच नव्हतं" इथपर्यंत पोचला असेल. सेमिनरीत हे फार होतं, इंजिनिअरिंगमध्ये केटी लागली तर केटी लागते, सेमिनरीत ग्रीकमध्ये उडाला की पाचारणावरच शंका.

वेळेत ग्रीक सोडलं असतं, म्हणजे विड्रॉ केलं असतं (डीएसओची परवानगी आधी घेऊन, का ते खाली व्हिसाच्या भागात), तर ट्रान्सक्रिप्टवर नुसता डब्ल्यू आला असता आणि जीपीए २.८५ राहिला असता. बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ती तारीख असते. झालं ते झालं, पण पुढच्या वेळेसाठी ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनने. आणि फीचा परतावा वेगळ्या तारखांनी चालतो, तो पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला घटत शून्यावर येतो, तेव्हा दोन्हीची गल्लत नको.

पुढच्या सेमिस्टरला समजा त्याने ग्रीक पुन्हा घेतलं आणि बी मायनस काढला, बाकी दोन विषयांत बी. आता शाळेचा रिपीटचा नियम काय ते बघा. जुना एफ काढून नवी ग्रेड धरत असतील तर एकूण जीपीए २.८८ होतो. दोन्ही धरत असतील तर २.४०. एम.डिव्ह.ला कोणी किमान २.० मागतं, कोणी २.५, एम.ए. आणि टीएच.एम.ला (एम.डिव्ह.च्या पुढची डिग्री) बहुधा ३.०. म्हणजे त्याच मार्कांवर एका शाळेत पोरगा सुटला आणि दुसरीत अजून एक सेमिस्टर प्रोबेशनवर, तेही पॉइंट एकने. म्हणून अॅडव्हायझरला पहिला प्रश्न हा विचारायचा, "रिपीट केल्यावर जुनी ग्रेड जीपीएतून जाते का?" दुसरा प्रश्न, ग्रीक वन आत्ता शिकवतात का, कारण बऱ्याच सेमिनरीत ते फक्त फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टच्या सेमिस्टरला असतं आणि स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीच्या सेमिस्टरला, थेट ग्रीक टू. पहिलं न जमलेल्या मुलाला दुसऱ्यात बसवणं म्हणजे पाढे न येणाऱ्याला वर्गमूळ. तसं असेल तर उन्हाळ्यातला इंटेन्सिव्ह बघावा. उन्हाळा त्याची सुट्टी धरली जात असेल तर तेव्हा पूर्ण क्रेडिटची अट नसते, एकच विषय घेऊन बसता येतं.

तुम्ही लिहिलंय की त्याला जुन्या मित्रांनी सांगितलं की ही डिग्री सोपी असते, बायबल तर आपल्याला येतंच. हसू आलं. तिथल्या हिशोबात एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेर निदान दोन. नऊ क्रेडिट म्हणजे सत्तावीस तास, ते कागदावर. त्यात कॅम्पसवरचं काम आठवड्याला वीस तास (एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, शाळा चालू असताना याच्या वर परवानगीच नाही), झाले सत्तेचाळीस, मग रविवारचं चर्च, शनिवारी युथ ग्रुप, आणि इंग्रजीत वाचायचा वेग आपल्या पोरांचा सुरुवातीला निम्मा. एम.डिव्ह. म्हणजे किमान ७२ क्रेडिट, ही एटीएस नावाच्या संस्थेची अट आहे, तिच्याकडून अमेरिकेतल्या बहुतेक सेमिनरींना मान्यता असते. नऊच्या गतीने गेला तर आठ सेमिस्टर, चार वर्षं. लोक "तीन वर्षांची डिग्री" म्हणतात ते चोवीसच्या हिशोबाने. घरी हे आधी कोणी बोललेलं नसतं, मग पोरं तीन वर्षांत संपणार नाही या लाजेने जास्त क्रेडिट उचलतात आणि बुडतात. आणि भावाने आपल्याकडे आधी थिऑलॉजी केलं असेल, सेरामपूरच्या सेनेटची डिग्री असेल, तर काही क्रेडिट वळते होतात का हे विचारायलाच हवं, न विचारता कोणी देत नाही. (माझ्या ऑफिसात एकदा तसं ट्रान्सक्रिप्ट आलं आणि सहकारी कौतुकाने म्हणाली, अगं हे तुझ्या गावचं कॉलेज! तिला समजावलं की ते बंगालमधलं, कॅरी-मार्शमन-वॉर्डनी १८१८ साली काढलेलं, डेन्मार्कच्या राजाची १८२७ ची सनद असलेलं, आणि माझं श्रीरामपूर उसाचं.)

आता व्हिसा, आणि ती चूक. प्रोबेशनमुळे एफ-वन स्टेटस जात नाही. जातं ते डीएसओला न विचारता क्रेडिट कमी केल्याने. समजा फेब्रुवारीत पुन्हा जड वाटायला लागलं, भावाने रात्री दोन वाजता पोर्टलवर जाऊन एक विषय ड्रॉप केला, नवाचे सहा झाले. पोर्टल त्याला अडवेलच असं नाही. शाळेच्या दृष्टीने साधा ड्रॉप, पण सरकारच्या दृष्टीने तो आता पूर्णवेळ विद्यार्थी नाही. माझ्याकडे असा एक मुलगा आला होता, अकरा दिवसांनी, आणि परवानगी आधी लागते, नंतरची चालत नाही. आधी आला असता तर दोन मिनिटांचं काम होतं: इंग्रजी वाचनाची अडचण, अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, चुकीच्या लेव्हलला बसवलं जाणं, या कारणांसाठी क्रेडिट कमी करायची सोय नियमातच आहे, निदान सहा ठेवून, आणि पुढच्या सेमिस्टरला पुन्हा पूर्ण. एकदाच मिळते ती, म्हणून जपून.

दुसरी सोय आजारपणाची, त्यात गरज असेल तर शून्य क्रेडिटही चालतात, सगळे मिळून बारा महिन्यांपर्यंत. मानसिक आजारही यात येतो. पण पत्र लागतं एम.डी. किंवा डी.ओ. (ऑस्टिओपॅथीच्या) डॉक्टरचं नाहीतर लायसन्स्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं. पास्टरचं नाही, चॅप्लिनचं (शाळेच्या पाळकाचं) नाही, आणि कॅम्पसवरच्या प्रत्येक काउन्सिलरचंही चालतं असं नाही. तुम्ही लिहिलंय की तो ऑक्टोबरपासून झोपत नव्हता आणि त्याने एका प्रोफेसरबाईंना सांगितलं होतं, त्यांनी प्रार्थना केली, नंतर मेसेजही केला. बघा, पुन्हा तीच गोष्ट. त्या बाईंनी चांगुलपणाच केला. पण कुठल्याही डॉक्टरच्या कागदावर तो ऑक्टोबर उमटलेला नाही, आता अपील करायची वेळ आली तर दाखवणार काय? त्याला या आठवड्यात काउन्सिलिंग सेंटरची अपॉइंटमेंट घ्यायला सांगा, बऱ्याच सेमिनरीत ठरावीक सेशन फुकट किंवा नाममात्र पैशात असतात, आणि तिथे जाणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण आहे ही आपल्या मंडळीतली समजूत घरातल्या घरात तरी काढून टाका. रात्री-अपरात्री फारच वाईट वाटलं तर ९८८ नंबर आहे, अमेरिकेत कुठूनही, फुकट.

तिथे कोणाला काय सांगायचं यातही फरक असतो हे त्याला माहीत नसेल. काउन्सिलरशी बोललेलं साधारण गुप्त राहतं. प्रोफेसरशी बोललेलं राहीलच असं नाही, छळ किंवा लैंगिक त्रासाची गोष्ट कानावर आली तर ती वर कळवायची जबाबदारी त्यांच्यावर बहुतेक ठिकाणी असते. चॅप्लिनचं शाळेगणिक वेगळं, बोलायच्या आधी सरळ विचारावं, हे तुमच्यापाशीच राहील का?

झोपेचा, एकाग्रतेचा त्रास निदानापर्यंत गेला तर अजून एक दार उघडतं, अॅकोमोडेशनचं, म्हणजे परीक्षेला जादा वेळ, वेगळी खोली, नोट्स वगैरे. ख्रिश्चन शाळांच्या बाबतीत इथे एक बारकावा आहे. अपंगांच्या हक्कांचा जो मोठा कायदा आहे, एडीए, त्यातून चर्चच्या ताब्यातल्या संस्था सुटलेल्या आहेत. पण शाळा सरकारी पैसा घेत असेल, अगदी अमेरिकन मुलांची सरकारी कर्जं घेत असेल तरी, १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अॅक्टचं कलम ५०४ तिला लागू होतं, आणि त्याचा फायदा परदेशी मुलालाही मिळतो. काही मोजक्या सेमिनरी तत्त्व म्हणून सरकारी पैसा घेतच नाहीत, तिथे मात्र शाळेच्या स्वतःच्या पॉलिसीवर भागवावं लागतं. ५०४ वगैरे तोंडावर फेकायची गरज नाही, नुसतं "डिसॅबिलिटी सर्व्हिसेस कोण बघतं" विचारलं की पुरे. छोट्या शाळेत तीच बाई रजिस्ट्रार असते, तीच हे बघते, आणि तीच शुक्रवारी फूड पँट्रीचं कुलूप उघडते. हो, फूड पँट्री. खूप सेमिनरींत असते, धान्य, डबे, डायपर, आणि कुठे कुठे कपड्यांचं कपाटही. आपली मुलं तिथे जायला लाजतात आणि मग महिनाभर नूडल्सवर काढतात. इमर्जन्सी फंडही असतो, छोटा, पण विमानाचं तिकीट किंवा एका महिन्याचं भाडं निघेल एवढा. त्याचाही फॉर्मच.

अजून एक राहिलं, ते पैशांवरून आठवलं. रविवारी कुठल्यातरी चर्चमध्ये त्याला संदेश द्यायला बोलावतील, नंतर पाकीट देतील, चेक देतील, लव्ह ऑफरिंग म्हणतील. आपल्याकडे पाहुण्या वक्त्याला पाकीट देणं साधी रीत आहे. एफ-वनवर परवानगीशिवाय तो कामाचा मोबदला ठरू शकतो. चर्चवाल्यांना हे माहीत नसतं आणि त्यांचा हेतू प्रेमाचा असतो. चेक घेण्याआधी डीएसओला विचारायचं. फील्ड एज्युकेशन म्हणून अभ्यासक्रमातच चर्चचं काम असेल तर पगारासाठी सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची, परवानगी मिळू शकते, साधारण पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर, आणि तीही आय-ट्वेंटीवर छापून आल्यावरच काम सुरू.

ग्रीकबद्दल थोडं बोलते, कारण मला त्यात रस आहे. भाऊ मराठी माध्यमाचा असेल आणि आठवी ते दहावी संस्कृत घेतलं असेल तर तो अमेरिकन पोरांच्या पुढे असायला हवा, फक्त त्याला कोणी हे सांगितलेलं नाही. तिथली पोरं "केस" म्हणजे काय यातच महिना घालवतात, आपल्याला विभक्ती पाठ. लोगोस, लोगोन, लोगू, लोगो, म्हणजे शब्द, शब्दाला, शब्दाचा, शब्दास. प्रथमा, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी. रामः रामम् सारखा तक्ता करून भिंतीवर लावायचा आणि मोठ्याने म्हणायचा, इंग्रजी पुस्तकातल्या नॉमिनेटिव्ह-जेनिटिव्हच्या मागे न लागता. मी माझ्या वेळी असंच केलं, पाठांतर मराठीतून आणि पेपर इंग्रजीतून. केडगावला पंडिता रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणत होत्या, आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, तेही संस्कृतच्या जोरावर बसलेल्या बाईने. त्याला म्हणावं ट्यूटर मिळतो का बघ, प्रोबेशनवरच्या मुलाला शाळा बऱ्याचदा फुकट देते, आणि हा तक्ता त्या ट्यूटरलाही दाखव.

पाळकसाहेबांचं पत्र का नको ते सांगते. माझ्या टेबलावर अशी पत्रं आलीयेत, लेटरहेडवर, शिक्क्यासकट, "आमचा हा तरुण अत्यंत विश्वासू असून लहानपणापासून संडे स्कूलमध्ये पहिला येत असे." प्रोबेशनची प्रकरणं बघणारी कमिटी ते आदराने बाजूला ठेवते, कारण प्रश्न विश्वासूपणाचा नसतोच. उलट विद्यार्थ्याने स्वतः बोलायच्या आधी वरून पत्र आलं की तो लपतोय असं वाटतं. भावाच्या स्वतःच्या हातचं एक पान हवं. नको असलेलं पान कसं असतं माहितीये? "प्रभूने मला या सेवेसाठी निवडले आहे आणि तो मला सामर्थ्य देईल, कृपया आणखी एक संधी द्यावी." हवं असलेलं: "ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मला झोप लागत नव्हती, मी ग्रीकच्या पाच क्विझ चुकवल्या, मदत मागितली नाही ही माझी चूक. आता मी काउन्सिलरकडे अमुक तारखेला जातोय, काम वीस तासांवरून दहावर आणलंय, ट्यूटरशी मंगळवार-गुरुवार ठरलंय, ग्रीक उन्हाळ्यात घेईन." देवाचं नाव नसलं तरी चालतं, कमिटीतले सगळे पाळकच असतात, त्यांना ते गृहीत असतं. क्विझचा आकडा खरा टाकायचा, त्यांच्यासमोर तो असतोच.

आणि हे पान त्याने स्वतः लिहायचं. एआयकडून नको, आणि तुमच्या ओळखीतल्या इंग्रजीच्या सरांकडूनही नको. नाहीतर एका पानासाठी दुसरं प्रकरण उभं राहील, आणि कॉपीचं प्रकरण सेमिनरीत मार्कांपुरतं राहत नाही, ते चारित्र्यात मोजतात आणि वेगळ्या कमिटीकडे जातं. दाखल होताना त्याने बहुधा आचरणाच्या करारावर सही केलेली असेल, काही ठिकाणी विश्वासाच्या कबुलीवरही, ती प्रत शोधून एकदा वाचायला सांगा.

आत्ता जानेवारी चालू आहे, स्प्रिंग सुरू व्हायला दोनेक आठवडे असतील. त्याने सोमवारी सकाळी ऑफिस उघडताच तीन ईमेल टाकायचे, अॅडव्हायझर, डीएसओ, काउन्सिलिंग सेंटर. प्रत्येकी तीन ओळी, सही, स्टुडंट आयडी. मग स्वतः जाऊन भेटायचं आणि भेट झाली की त्याच दिवशी "आपलं असं-असं ठरलं, बरोबर ना?" असा एक ईमेल परत. हा शेवटचा ईमेल मी त्या नोव्हेंबरात केला नव्हता. इस्टर्न टाइमवर असेल तर तिथले नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, तुमची स्वयंपाकाची वेळ. तेव्हा त्याला फोन करू नका, रात्री दहानंतर तो करेल.